धुतलेली रात्र

चिडावं कसं, हे मी आमच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून शिकले. आणि इतकी वर्षं झाली तरी त्यांची आठवण निघाली की मी चिडते ती त्यांच्यावरच. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. बोलोत बापडे. मला जमत नाही.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. वसईकडच्या एका शाळेत मी मुलींना शिवण शिकवायची आणि ते चित्रकला. मास्तर राहायचेही आमच्याच वाडीत. भुईगावला आमची केळीची आणि पानवेलींची वाडी. मधे बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं, आणि त्याच्या काठाला रहाटाच्या बैलांची खोली. बैल गेले, तेलाचा पंप आला, खोली रिकामी पडली, ती मास्तरांनी मागून घेतली. वडील माझे लवकर गेले, वाडी आईच बघायची. तिनं विचारलं, "एकटेच राहणार का?" तर म्हणाले, "एकटा कशानं? सहा डबे आहेत माझ्याबरोबर."

त्या सहा पत्र्याच्या डब्यांत एक सिनेमा होता. परदेशातला, मुका, माझ्याच वयाचा. मुंबईत मुक्या सिनेमांचा जमाना होता तेव्हा मास्तर कुठल्याशा कंपनीत होते. बोलपट आले, कंपनी बुडाली, मुक्या फिल्मा त्या वितळवून बांगड्या करणाऱ्या बांगड्यावाल्यांनी आणि त्यांतली चांदी काढणाऱ्यांनी वजनावर उचलल्या. त्यांतून हा एक सिनेमा मास्तरांनी वाचवला. वाचवला म्हणजे काय, कुजत होता. डबा उघडला की कापराचा आणि आठवडाभर घातलेल्या मोज्यांचा मिळून एक वास यायचा. कुठे बुरशी, कुठे कडेची भोकं फाटलेली, कुठे फिल्म एकमेकीला चिकटून बसलेली. ती मास्तर सोडवायचे, खरवडायचे, चिकटवायचे. रोज शाळेतून आले की अंधार पडेपर्यंत. दिवा लावून नाही, कारण ती फिल्म ठिणगीला भडकते. मी सांगतेय तेव्हा त्यांना ह्या उद्योगाला आठ वर्षं झाली होती.

राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा म्हणतात तसलं काही नाही. राग त्यांच्या सगळ्या अंगभर असायचा. खडू उभा धरणाऱ्या मुलावर ओरडायचे, आडवा धरणाऱ्यावरही ओरडायचे. एकदा तपासनीस साहेब वर्गात येऊन उभे राहिले तर त्यांना म्हणाले, "उजेडातून बाजूला व्हा, मुलांना मडकं दिसत नाही." साहेब झाले बाजूला. त्यांचं सगळ्यात लाडकं ओरडणं म्हणजे "कडेला धरा!" फिल्म हातात घ्यायची तर फक्त कडांना धरायची, मधे बोट लावलं की ठसा उठतो, हा तिथला नियम. पण मास्तरांनी तो सगळ्या जगाला लावला होता. मुलांनी चित्राचा कागद आणला, कडेला धरा. जेवायला आमच्याकडेच असायचे, आईनं भाकरी ताटात वाढली, कडेला धरा. हजेरीचा तक्ता, कोणाची लग्नपत्रिका, सगळं कडेला धरा. मुलं त्यांना पाठीमागे कडेमास्तर म्हणायची.

आईचं आणि त्यांचं दर दिवशी वाजायचं. ती सकाळी पाटाला पाणी सोडायला गेली की म्हणायची, "मास्तर, त्या भुताच्या डब्यांनी माझी वाडी पेटायची एक दिवस."

"भूत नाही!" मास्तर आतून गरजायचे. "भूत चिंचेवर बसतं. हा माणूस आहे. मरायचं विसरलेला माणूस आहे."

"तेच की वो. त्यालाच आमी भूत म्हणतो."

"मग चुकीचं म्हणता!"

हे भांडण मी शंभरदा ऐकलं असेल. आईला ते रोज लागायचं, चहासारखं.

त्या मरायचं विसरलेल्या माणसाची गोष्ट अशी होती. हा एका पवनचक्कीचा मालक. मेला त्याला शंभर वर्षं झाली, पण रात्र झाली की तळघरातून उठतो आणि गावातल्या माणसांचं रक्त पितो. उजेड त्याला सोसत नाही. कोंबडा आरवायच्या आत परत तळघरातल्या पेटीत जाऊन पडायचं. शेवटी गावच्या डॉक्टरची मुलगी त्याला घरात घेते आणि भिंतीवरचं घड्याळ बंद पाडून ठेवते. तो घड्याळाकडे बघतो, अजून दोनच वाजलेत असं समजून बसून राहतो, आणि ती खिडकी उघडते. बाहेर उजाडलेलं असतं. संपला.

मास्तर ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज खाली यायचा. तेवढ्या एका वेळेला ते ओरडत नसत. म्हणायचे, "बाई, हा सिनेमा लोकांना मी एकदा सबंध दाखवणार. एकदाच. त्यानंतर त्याची माती झाली तरी चालेल. पण एक माणूससुद्धा हसता कामा नये. हसले की मेला तो."

"आणि हसलं कोणी तर?"

"का हसेल? रात्र पाहून कोणी हसतं का?"

अडचण एकच होती. मुलगी घड्याळ बंद पाडते तो तुकडाच सहाव्या डब्यात नव्हता. तो नाही तर शेवट कळणार कसा? मास्तर सुटी लागली की मुंबईला जायचे, बांगड्यावाल्यांच्या पोत्यांत हात घालून फिल्मचे तुकडे उजेडाला धरून बघायचे. लोक त्यांना वेडा म्हणायचे. आमचे हेडमास्तर तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत म्हणायचे, "काय मास्तर, सापडली का तुमची घड्याळवाली?" मास्तर चिडायचे, हेडमास्तर खूश व्हायचे.

आणि सापडली हो. कसं देव जाणे, पण एका बांगड्यावाल्यानं निरोप पाठवला. लगेच मास्तरांनी शाळेच्या मोठ्या खोलीत येत्या रविवारी दुपारी सिनेमा दाखवायचं ठरवलं. हेडमास्तरांनी परवानगी दिली, ती गंमत बघायला मिळेल म्हणूनच दिली असणार, माझी खात्री आहे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मास्तर मुंबईला निघाले. निघताना तिसरा आणि चौथा डबा माझ्या हातात दिला.

"बाई, एवढी दोनच रिळं पुसायची राहिलीत. तुमचा हात शिवणाचा, हलका आहे. मलमलीनं पुसा. डाग राहता कामा नये."

"आणि?"

"आणि काय? कडेला धरा!"

बस्स. एवढंच बोलले. आठ वर्षं ज्या माणसानं खडू कसा धरायचा ह्यावर मुलांची डोकी उठवली, तो माणूस मला दोन डबे देऊन एवढंच बोलला. म्हणून मी चिडते. तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय करू?

शनिवारी सकाळची शाळा करून मी घरी आले, हात स्वच्छ धुतले आणि डबे उघडले. बुरशी होती. ती मी मलमलीनं पुसली. बुरशी गेली तर खाली आणखी एक डाग. आणि हा डाग कुठे एका जागी नाही, सबंध फिल्मवर. निळा. रिळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी फिल्म निळी. आता मी बापडी तोवर चार-पाच सिनेमे पाहिलेले, सगळे बोलपट, सगळे काळे-पांढरे. सिनेमा निळा असतो असं मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटलं बुरशीचाच रंग उतरून आत मुरलाय. कच्च्या रंगाचं लुगडं रेशमी साडीबरोबर ठेवलं की साडीला लागतो ना, तसं.

आणि रेशमावरचा डाग कसा काढायचा ते मला कोणी शिकवायला नको होतं. रिठे कोमट पाण्यात कुस्करले, फेस काढला, घंगाळात फिल्म सोडली. पाणी हां हां म्हणता निळं झालं. तीन पाणी बदलली. आई म्हणाली, "केवढा मळ गं!" मी म्हटलं, "आठ वर्षांचा आहे." मग सुपारीच्या झाडांना दोऱ्या बांधून सावलीत वाळवली, कडांना धरून, एक बोट मधे लागू दिलं नाही. आणि काय सांगू, कशी लख्ख निघाली! माणसाच्या कोटाची बटणं मोजता येत होती. एवढा आनंद मला स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नाही. मास्तर आले की काय म्हणतील, ह्या विचारानं मी जेवले नाही धड.

मास्तर रविवारी सकाळी आले ते घड्याळाचा तुकडा सदऱ्याच्या आत छातीशी धरून. सरळ सहावा डबा उघडून तो जोडत बसले. माझे दोन डबे उघडून बघायला त्यांना वेळ झाला नाही. मी म्हटलं, "मास्तर, एक डाग ठेवला नाही." म्हणाले, "शाबास." आयुष्यात त्यांनी मला शाबास म्हटलं ते तेवढंच.

खिडक्यांना गोणपाटं आणि पाचूबंदरवरून आणलेली शिडाची जुनी कापडं लावली होती. वीज नव्हतीच. मास्तरांचं सिनेमाचं मशीन हातानं फिरवायचं, त्यात काचेआड कार्बाइडचा दिवा. लोक किती आले! चर्चमधली मिस्सा आटोपून जेवून आलेली माणसं, गास गावची, राजोडीची, बायका पोरं घेऊन. आमच्या गल्लीत मासे विकायला येणारी पाचूबंदरची कोळीण रिकामी पाटी मांडीशी घेऊन सगळ्यांत पुढे बसली. हेडमास्तर खुर्चीवर. मास्तर मागे उभे राहून एका हातानं हँडल फिरवत होते आणि तोंडानं गोष्ट सांगत होते.

पहिली दोन रिळं काय शांततेत गेली! सगळं पिवळसर दिसत होतं, मला वाटलं दिव्यामुळे. गाव, पवनचक्की, डॉक्टरची मुलगी. एक पोर रडायला लागलं तर त्याच्या आईनं तोंडावर हात ठेवला. मग तिसरं रीळ लागलं आणि मास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "आता रात्र झाली आहे. काळोख आहे. हाताला हात दिसत नाही. तळघराचं झाकण हलतंय."

पडद्यावर लख्ख ऊन. भिंतींच्या सावल्या जमिनीवर पडलेल्या. झाडाचं पान न् पान चमकतंय. आणि त्या उन्हात तो मरायचं विसरलेला माणूस तळघरातून निघून रमतगमत चाललाय.

मास्तरांचा आवाज थांबला. हँडल थांबलं नाही. दोन-तीन पावलं तो माणूस तसाच चालला, आणि पुढून कोळीण मोठ्यानं म्हणाली, "अवो मास्तर, ही कसली रात? सुकट वाळत घालायचं ऊन हाय ह्ये!"

सगळी खोली फुटली. अहो, हसणं म्हणजे काय! त्यात त्या कोळणीची काय चूक? तिनं डोळ्यांनी दिसलं ते सांगितलं. डॉक्टर कंदील घेऊन उन्हातून चालला, हसले. गावचा शिपाई अंधारात चाचपडतोय असा हात पुढे करून उन्हातून चालला, पोट धरून हसले. हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, भूत ओलं होतं का? वाळत घातलंय वाटतं!" आणि मी वाट बघत होते. म्हटलं आता ओरडतील, आता हँडल सोडून पुढे येतील, एकेकाच्या कानाखाली काढतील. वर्गात शिंकलेल्या मुलाला खडू फेकून मारणारा माणूस हा! मास्तर हँडल फिरवत होते आणि त्याच खालच्या आवाजात सांगत होते, "रात्र आहे. काळोख आहे." कोणाला ऐकूही येत नव्हतं.

मला अजून काही कळलं नव्हतं. मला वाटलं परदेशातल्या लोकांनी मुळात सिनेमाच असा खुळ्यासारखा काढलाय. कळलं ते सहावं रीळ लागलं तेव्हा. मुलीच्या घराचं दार उघडलं आणि पडदा निळा झाला. सबंध निळा. भिंत, घड्याळ, त्या मुलीचा चेहरा, सगळं निळं. आणि खरंच सांगते, ती रात्र होती. खोलीतलं हसू एकदम खाली बसलं. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "चला, झाली बाबा एकदाची संध्याकाळ!" आणि परत सुरू. तिनं घड्याळाचा लंबक धरला, हसले. तिनं खिडकी उघडली, ऊन आत आलं, तो माणूस कोसळला, आणि लोक टाळ्या पिटत ओरडले की एवढा वेळ उन्हात फिरला, तेव्हा नाही का मेला?

माझ्या बोटांना अजून रिठ्याचा वास होता. मी मांडीवर हात दाबून बसले.

दिवा विझला, गोणपाटं काढली. हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मास्तर, हे झालं तरी कसं?"

मास्तर म्हणाले, "रंग होता. माझ्या हातून धुतला गेला."

मी तिसऱ्या ओळीत होते. मला पाय होते, तोंड होतं. उठून म्हणायचं होतं, की नाही, मी धुतला. तीन पाणी बदलून धुतला. मी उठले नाही. लोक हसत हसत घरी गेले आणि मीही त्यांच्याबरोबर चालत घरी गेले.

त्यानंतर मास्तर गप्प झाले. म्हणजे बोलायचे, पण जेवढ्यास तेवढं, आणि हळू. मुलं खडू वाटेल तसा धरायला लागली, चित्रांवर शाईची बोटं उमटवायला लागली, हे आपले, "बरं आहे. ठेव तिकडे." पोरं फळ्यावर ऊन काढायची आणि त्यात एक भूत. मास्तर ते पुसायचे आणि शिकवायला लागायचे. घरी आईनं भाकरी मधोमध अंगठा रुतवून वाढली, मुद्दाम, मला माहीत आहे, मुद्दाम. मास्तर मुकाट्यानं खाऊन उठले. ती मला म्हणाली, "तुझा मास्तर आजारी हाय काय गं? मी चार दिस बोलते नि पलीकडनं काय उत्तरच नाय."

मला रात्रंदिवस एकच गोष्ट खायची. आणि जितकी खायची तितका राग यायचा, तो त्यांचाच. कोणी सांगितलं होतं ह्यांना खोटं बोलायला? मी मागितलं होतं पांघरूण? पंधरा दिवसांनी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शाळेतून आले ती पिशवीसकट रहाटाच्या खोलीत शिरले.

"मास्तर, ती रिळं मी धुतली. रिठ्यानं धुतली."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तिथेच. मशीन तापलं आणि रिठ्याचा वास सुटला."

"मग ओरडला का नाहीत? सबंध जगावर ओरडता! माझ्यावर ओरडायला काय झालं होतं?"

ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. म्हणाले, "बाई, कंपनीत माझं काम काय होतं, मी तुम्हांला कधी सांगितलं?"

"नाही."

"मी रंगखात्यात होतो. तेव्हा कॅमेऱ्यानं रात्र निघत नसे. सगळं उन्हातच काढायचे, आणि मग आम्ही दिवसाची फिल्म पिवळ्या पाण्यात बुडवायचो, रात्रीची निळ्या. मुंबईच्या किती सिनेमांच्या रात्री मी ह्या हातांनी केल्यात. आणि तुमच्या हातात दोन रिळं रात्र दिली, आणि ती रात्र आहे एवढं सांगितलं नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं असतं का? आता कुठल्या तोंडानं ओरडू?"

"तोंड आहे ना तेच! ओरडा!"

"नको, बाई."

त्यांनी बाई इतक्या मायेनं म्हटलं की मला डबा उचलून बावखलात फेकावासा वाटला. माया कोणाला हवी होती!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मास्तर सोडून सगळे शिक्षक खोलीत असताना मी उभी राहिले आणि हेडमास्तरांना म्हटलं, "ती फिल्म मास्तरांनी नाही धुतली, मी धुतली. लोक माझ्यामुळे हसले." हेडमास्तर माझ्याकडे बघून गालात हसले. म्हणाले, "वा वा. शेजारधर्म चांगला आहे. पण मास्तरांना तुम्ही कशाला पाठीशी घालता, बाई?" कोणाचाच विश्वास बसला नाही. पंधरा दिवस उशिरा बोललेल्या खऱ्याची ही किंमत. मी तिथल्या तिथे कपाट उघडलं, शाईच्या पुड्यांचा गठ्ठा होता, मुलांच्या दौतींसाठी आणलेली निळी शाई, तो सगळा पदरात घेतला. हेडमास्तर ओरडले, "अहो, ते सहामाहीचं आहे!" मी म्हटलं, "आहे ना? मग मुलांना पेन्सिलीनं लिहू दे." आणि निघाले.

शाळा सुटल्यावर रहाटाच्या खोलीत मास्तरांपुढे पुड्या ओतल्या. म्हटलं, "रात्र करा."

त्यांनी एक पुडी नाकाशी नेली, चिमूटभर पाण्यात टाकली, सहाव्या रिळातला घड्याळाचा तुकडा शेजारी धरला. जुना निळा आता त्या एका रिळातच शिल्लक होता. म्हणाले, "फार जांभळी." मग त्यात हळदीची जराशी चिमूट टाकली. मग म्हणाले, "आता जवळ आली." पाच-सहा दुपारी आम्ही तेच केलं. त्याच घंगाळात फिल्म बुडवायची, मनात साठ मोजायचे, काढायची. वाळवायला जागा पुरेना, तेव्हा आईनं सुकेळ्यांचा मांडव दिला. पिकलेली केळी सोलून ज्या मांडवावर वाळवायची, त्यावर ताडपत्री टाकून सावली केली आणि खाली बांबूंना फिल्मचे वेढे घातले. आईनं "माझी केळी निळी निघाली तर बघा" एवढं म्हणून बघितलं. तिला उत्तर हवं होतं. मास्तरांनी उत्तर दिलं नाही. सगळं काम त्यांनी गप्प राहून केलं, आणि चुकत नव्हतं तरी मी दर घटकेला मुद्दाम विचारायची, "असं धरू? इथे धरू?" तर म्हणायचे, "धरा तुम्हांला बरं पडेल तसं."

आधी चौथ्या रिळाची फिल्म वाळली. मशीनवर चढवली. पहिल्याच फेऱ्याला कटकट आवाज आला आणि भोकं फाटली. दोनदा भिजून दोनदा वाळलेली ती फिल्म आखडली होती. मशीनच्या दातांचं माप एक, भोकांचं माप दुसरं. मास्तरांनी हँडल उलटं फिरवून ती हलकेच सोडवून घेतली. मग मशीनवर फडकं टाकलं.

"नाही चालायची आता," ते म्हणाले. "झालं."

आठ वर्षं. सबंध सिनेमा लोकांना एकदा दाखवायचा, एवढंच मागणं होतं त्या माणसाचं. तो लोकांनी पाहिला तेव्हा त्यात रात्र नव्हती, आणि रात्र परत आली तेव्हा तो कोणालाच दाखवता येत नव्हता. माझ्यामुळे. माझ्या हलक्या हातामुळे.

मी मांडवाखाली गेले आणि अजून ओलसर असलेल्या तिसऱ्या रिळाचं टोक सोडवून बाहेर उन्हाला धरलं. मशीन नसेल तर नसेल, ऊन तर होतं. एकेक चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. मी बघत बघत फिल्म सरकवत गेले. तळघराचं झाकण. तो हात. तो चौकातून चाललाय, भिंतींच्या सावल्या जमिनीवर पडल्यात, आणि आता ते ऊन नव्हतं. चांदणं होतं. वर खरं चैत्राचं ऊन तापत होतं, आणि माझ्या दोन हातांमध्ये ती थंडगार रात्र होती, त्या माणसाची बटणं चमकत होती आणि तो सरळ माझ्याकडे चालत येत होता. मला भीती वाटली. भर दुपारी, आमच्या वाडीत, आई पलीकडे पाटाला पाणी सोडतेय, आणि माझ्या अंगावर काटा आला.

बाजूला मास्तर कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते फिल्मकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हसू आलं?"

मी मानेनं नाही म्हटलं. नीट बघावं म्हणून फिल्म जवळ ओढली, ती निसटायला लागली, आणि मी पटकन बोट मधे देऊन ती दाबून धरली.

"अहो बाई!" असे ओरडले की केळीतले बगळे उडाले. "कडेला! कडेला धरा म्हणून किती वर्षं घसा फोडू? अंगठा आहे का खुरपं? आधी धुऊन वाट लावली, आता ठसे उमटवताय! शिवण शिकवता म्हणे! कोणी लावलं तुम्हांला नोकरीला?"

"तुम्ही सांगत नाही आणि मग ओरडता!" मीही ओरडले. "निळं म्हणजे रात्र, एवढे तीन शब्द बोलायला तोंड नव्हतं?"

"डोळे नव्हते तुम्हांला?"

"नव्हते! तुम्ही दिले का?"

कितीतरी वेळ आम्ही भांडलो. माझ्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती आणि मी ती पुसायला फिल्म सोडली नाही. ओलसर निळ्यात माझा अंगठा उमटला तो उमटलाच, त्या माणसाच्या डोक्यावर, मोठ्या चंद्रासारखा. पुढे डबे कुजले, सगळ्याची तपकिरी माती झाली, मास्तरही गेले. तेवढी वीतभर फिल्म मी तेव्हाच कापून मागून घेतली होती. अजून आहे, पत्र्याच्या पेटीत. कोणाला दाखवते तेव्हा आधी ओरडते, कडेला धरा.

पलीकडून आईनं फावडं टेकवलं आणि केळींमधून वाकून बघितलं. मग पाण्याचा पाट वळवता वळवता म्हणाली, "बरं वाटतंय वाटतं मास्तरांना."